चार हजार मीटरच्या अलीकडची सुरकुती

या आठवड्यात आमच्या अ‍ॅशबर्नच्या रस्त्यावरचे मेपल एकाएकी रंगले. सकाळी कामावर निघालो की गाडीच्या काचेवर दोन-चार पानं चिकटून येतात, एखाद्या सिग्नलपर्यंत सोबत करतात आणि मग न सांगता उडून जातात. कामावर मी पंख्यांच्या चाचण्यांचे अहवाल वाचतो. कॉम्प्युटरनी भरलेल्या, खिडक्या नसलेल्या मोठ्या इमारती गार ठेवणारे हे पंखे. पंखा बनवणारा त्याच्याबद्दल एक आकडा सांगतो आणि वापरणारा दुसरा. काल असेच दोन अहवाल शेजारी ठेवून बसलो होतो, बाहेर वारा सुटला होता, आणि पाच वर्षांपूर्वीचा वूस्टरचा ऑक्टोबर अलगद येऊन समोरच्या खुर्चीत बसला.

मी तिथे नुकताच शिकायला आलो होतो; माझी अमेरिकेतली ती पहिली पानगळ. बुलढाणा जिल्ह्यातल्या माझ्या गावी पानं गळतात ती उन्हाच्या तोंडावर. कडुलिंबाची बारीक पिवळी पानं अंगणात पडतात, आई ती झाडून कोपऱ्यात लावते, झालं. पानं गळायच्या आधी झाडं अशी नटतात, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. वूस्टर आणि श्रूजबरी यांच्यामध्ये एक लांबट तळं आहे. त्याच्यावरच्या पुलावरून बस जायची तेव्हा मी हातातले कागद खाली ठेवून बघत बसायचो. पाण्यात उलटी झाडं, उलटे ढग. त्या कागदांवर रशियन अक्षरं असायची आणि त्यांच्यामध्ये, ओळखीच्या माणसांसारखे, आपले आकडे.

कागद विमानाचे होते. दुसऱ्या महायुद्धातलं एक इंजिनाचं, बरंचसं लाकडी, ‘ला-५’ नावाचं रशियन लढाऊ विमान. एका छोट्या संग्रहालयाला त्याचं यंत्र करायचं होतं. खुर्चीत बसायचं, दांडा हातात धरायचा आणि पडद्यावर विमान खरंखुरं असावं तसं उडायचं. ते खऱ्यासारखं उडायला हवं तर कुठल्या उंचीवर किती वेग, हे यंत्राला सांगायला हवं. ते ठरवण्याचं काम आमच्या प्रोफेसर होल्टबाईंकडे आलं आणि त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मला त्यांनी एका सत्रापुरतं घेतलं होतं.

“डिसेंबरमध्ये बघू,” त्या म्हणाल्या होत्या. “तुम्हाला संशोधन जमतं का, ते तोवर मला कळेल. तुम्हालाही कळेल.”

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी त्यांच्यापुढे मला माझी रेघ ठेवायची होती. आडवी उंची, उभा वेग, आणि मधून जाणारी एक रेघ. ती पटली तर मी त्यांचा विद्यार्थी, नाही तर दुसरा गुरू शोधायचा आणि मिळाला नाही तर परतीचं तिकीट. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. वडील नगरपालिकेत पाणी सोडायचे. पहाटे सायकलवर लोखंडी चावी बांधून निघायचे आणि गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडत जायचे. त्यांच्या चावीनंतर थोड्या वेळाने गावात हंडे वाजायला लागत. मला अमेरिकेला पोचवायला अर्धी नगरपालिका वाशीमच्या रस्त्यापर्यंत आली होती. त्या सगळ्यांना मी त्या एका रेघेत घेऊन बसलो होतो.

अहवाल तीन होते आणि तिघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. पहिला विमान बनवणाऱ्या कारखान्याचा. विमान नवं कोरं, अंगावरच्या फटी लांबीने बुजवून, घासून गुळगुळीत केलेलं. दुसरा तिथल्याच सरकारी चाचणी संस्थेचा. त्यांनी रांगेतून एक साधं विमान उचललं होतं. तिसरा शत्रूचा. जर्मनांच्या हाती असं एक विमान लागलं होतं आणि त्यांनी ते उडवून पाहिलं होतं. वेगातला फरक असा की कारखान्याच्या विमानाने शत्रूच्या हातातल्या त्याच विमानाला आरामात गाठावं. तेच पंख, तेच इंजिन. बोलणारी तोंडं तेवढी तीन.

पहिल्या महिन्यात मी अगदी सरळ काम केलं. तिघांची सरासरी काढली. तीन रीडिंग घ्या आणि सरासरी काढा, हे आम्हाला बाळकडूसारखं पाजलं होतं. होल्टबाईंनी कागद उलटा करून माझ्याकडे सरकवला.

“हे विमान कुणी उडवलं?”

मला कळेना. “तिघांनीही उडवलं, मॅम.”

“नाही. हे कुणीच उडवलेलं नाही. हे फक्त तुमच्या वहीत आहे.”

तेव्हापासून मी सरासरी सोडली आणि सरकारी संस्थेचा अहवाल धरून चाललो.

पण त्यातली शीर्षकं मला वाचता येईनात. इथे बापट काका आले. काका सत्तरीचे, श्रूजबरीला राहणारे, निवृत्त इंजिनिअर. तरुणपणी नाशिकजवळच्या विमान कारखान्यात होते. तिथे रशियन लोक शिकवायला यायचे, म्हणून काकांनी रशियन शिकून घेतलं आणि मग त्या भाषेच्या प्रेमातच पडले. पुढे एकोणीसशे सत्तरच्या सुमारास अमेरिकेत आले, इथे कुणाला त्यांचं रशियन लागलं नाही. तीस वर्षं भाषा अशी ट्रंकेत राहिली. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणीतरी आमची ओळख करून दिली आणि मी अहवालाचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली प्रसादाची वाटी काढून बाजूला ठेवली. “कधी येतोस?” एवढंच विचारलं.

मग दर शनिवारी दुपारी त्यांचं जेवणाचं टेबल. शैला काकू एका बाजूला बटाट्याच्या काचऱ्या नाहीतर मुगाची खिचडी वाढायच्या, दुसऱ्या बाजूला काका चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांशी धरायचे.

“काय वऱ्हाडी, आज कुठवर उडायचंय?”

“काका, फक्त तक्त्यांच्या वरच्या ओळी सांगा. बाकीचे आकडेच आहेत.”

“आकडेच आहेत म्हणे! आणि खाली हा मजकूर लिहिलाय तो काय, फोडणीला?”

“अहो, कामाचं तेवढं सांगा ना त्याला,” काकू म्हणायच्या. “त्याला वेळ नाहीये. तुम्ही रिटायर्ड आहात, तो नाहीये.”

काका हिरमुसून वरच्या ओळी सांगत. उंची. वेग. इंजिनाचे फेरे. तेलाचं तापमान. मी भराभर लिहून घेई आणि आकडे घेऊन परतीची बस धरी. आकड्यांना भाषा लागत नाही, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. मराठी शाळेतून आलेल्या, इंग्रजी बोलताना घाम फुटणाऱ्या मुलाला आकड्यांनीच इथवर आणलं होतं. त्यांच्यावर संशय घेणं मला कृतघ्नपणाचं वाटलं असतं.

ते दिवस आठवतात ते धुक्यातून. सकाळी तळ्यावरून वाफ उठायची, आणि ग्रंथालयाच्या मोठ्या खिडकीपाशी बसून मी त्या चाचण्यांच्या हवेचा हिशोब करायचो. हवा गार असेल तर दाट होते, ऊन असेल तर विरळ, म्हणून कुठल्याही दिवशी घेतलेला वेग एका ठरवलेल्या हवेत आणून मांडायचा असतो. त्या हवेला प्रमाण वातावरण म्हणतात. समुद्रसपाटीला नेमके पंधरा अंश, वर जाताना ठरलेल्या गतीने थंडी. सगळी पुस्तकं ते धरून चालतात. पण त्या हवेत कुणी राहिलेलं नाही. तिथे कधी धूळ उडाली नाही, कुणाचे कपडे वाळले नाहीत. मी खिडकीबाहेर बघत विचार करायचो, माझ्या गावचा मे महिना या हवेत आणायचा तर किती वजा करावं लागेल?

मध्येच ती माणसं दिसायची. त्या विमानात बसणारी, वीस-बावीस वर्षांची. इंजिनाची धग बैठकीत इतकी यायची म्हणे, की पाय भाजून निघत. मग ते इंजिनाच्या बाजूच्या झडपा उघड्या ठेवत, डोक्यावरची काच मागे सारत. प्रत्येक उघडी झडप वेग खाते. ज्या वेगावर जीव वाचायचा तोच ते थोडा हाताने सोडून देत होते, पायांना हवा लागावी आणि डोळ्यांना सगळं आकाश नीट दिसावं म्हणून. हे कुठल्या तक्त्यात मांडायचं? मी पेन्सिल ठेवून द्यायचो. बाहेर एखादं पान खिडकीसमोरून जायचं, घाई नसल्यासारखं.

आणि मग नोव्हेंबरच्या एका गुरुवारी दुपारी मी ते केलं.

सरकारी संस्थेचे बिंदू कागदावर मांडले होते. वेग उंचीबरोबर वाढत जाणार, एका जागी सर्वांत जास्त होणार आणि मग उतरणार, असा माझा समज. सगळे बिंदू त्या कमानीवर छान बसले. फक्त चार हजार मीटरच्या अलीकडचा एक खाली राहिला. सगळे वर चढत असताना हा एकटाच दमून पायरीवर बसल्यासारखा. मी त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. मग खोडरबर घेतलं आणि त्याला उचलून रांगेत बसवलं. तक्त्यातला आकडाही त्याप्रमाणे बदलला. रेघ सुरेख आली.

मला अपराधी वाटलं नाही. पसारा आवरल्यासारखं वाटलं.

यामागे आमच्या ज्युनिअर कॉलेजची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा होती. एक स्टॉपवॉच, तेही मनाला येईल तेव्हा चालणारं, आणि साठ मुलं. लंबकाच्या प्रयोगातून गुरुत्वाकर्षण काढायचं, उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं. आमचं कधी सातशे यायचं, कधी बाराशे. सर म्हणायचे, “पोरांनो, बाहेरचे परीक्षक येतील. जर्नल बघतील. उत्तर कुठं यायला पाहिजे ते माहीत आहे ना? मग तिथून मागं या.” आम्ही उत्तरापासून मागे यायचो. आधी नऊशे ऐंशी, मग त्याला शोभतील अशी रीडिंग, मधूनमधून थोडी चूक पेरलेली, खरी वाटावी म्हणून. त्यात आम्ही पटाईत झालो होतो. सर वाईट नव्हते. पदरमोड करून त्यांनी लंबकासाठी पितळी गोळे आणले होते, आणि तालुक्याच्या मुलांना शहरातल्या मुलांच्या बरोबरीने गुण मिळावेत, एवढंच त्यांना हवं होतं. मिळालेही. त्यांच्यामुळे मी इंजिनिअर झालो, हे मी आजही म्हणतो. पण त्या खोलीतून मी एक गोष्ट अंगात भिनवून घेऊन निघालो होतो: जुळत नसेल तर चूक आपल्याच रीडिंगची असणार. उत्तर चुकत नसतं. चुकतो आपण, आपलं घड्याळ, आपलं गाव.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतला शनिवार. झाडं एव्हाना उघडी झाली होती. काकांकडे गेलो तो सहज, काम संपलंय असं सांगायला. मंगळवारसाठी तयार केलेली रेघ त्यांना दाखवायचीही होती. काका दारातच उभे, हातात कागदांची चळत.

“ये, ये. अरे, तू नुसतेच आकडे नेलेस, मी मागे राहिलेला सगळा मजकूर वाचून काढला. काय झकास लिहिलंय! बस.” त्यांनी तक्त्याखालची बारीक टीप बोटाने दाखवली आणि थांबत थांबत मराठीत वाचली. “या उंचीजवळ वेग कमी होतो. हा दोष नव्हे. येथे पंख्याचा दुसरा गिअर टाकावा लागतो.”

काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“कळलं का? उंच गेलं की हवा विरळ होते. इंजिनाला श्वास पुरत नाही. म्हणून आत हवा कोंबायला पंखा बसवलेला असतो आणि त्याला दोन गिअर असतात. पहिला गिअर एका उंचीपर्यंत पुरतो. मग विमान धापा टाकायला लागतं, वेग पडतो. तिथे दुसरा टाकायचा, की पुन्हा चढतं. म्हणजे रेघेला मध्ये एक खड्डा असायलाच हवा. आणि गंमत बघ, तुझ्या जर्मनांच्या अहवालात तो खड्डा दुसऱ्या उंचीवर असणार. पकडलेलं विमान, त्यांच्या माणसाने गिअर भलत्याच ठिकाणी टाकला असेल. म्हणून तुझे आकडे भांडतायत! कोणी खोटं बोलत नाहीये रे, सगळे आपापल्या जागी खरं बोलतायत. कुठंय तुझी रेघ? दाखव खड्डा.”

मी कागद काढला. काढायलाच नको होता, पण काढला.

काकांनी चष्मा खाली घेतला. कागद पाहिला, तक्ता पाहिला. पुन्हा कागद पाहिला. आतून काकूंच्या झाऱ्याचा आवाज येत होता.

“हा बिंदू इथे नव्हता,” काका म्हणाले.

मी मान हलवली.

“सुरकुती दिसली म्हणून इस्त्री फिरवलीस होय?”

“काका, मला वाटलं, ते रीडिंग चुकलंय.”

“कोणाचं? त्यांचं? तू होतास तिथे वर?”

“अहो, जेवू द्या त्याला आधी,” काकू आतून म्हणाल्या.

“जेवतोय. मी कुठे धरलंय त्याचं तोंड?” काकांचा आवाज खाली आला. कागद त्यांनी नीट घडी करून माझ्यासमोर ठेवला. “हे बघ, ही टीप वाचू शकणारी माणसं या गावात किती असतील? मी काही तुझ्या मॅडमना फोन करणार नाहीये. मला आता काचऱ्या खायच्यात. तू मंगळवारी काय करायचं ते कर.”

त्या दुपारी मी जेवलो की नाही, आठवत नाही. परतताना पूल आला तेव्हा तळ्याच्या कडेला बर्फाची पातळ साय धरली होती. मला तो वैमानिक दिसत होता. चाचणीच्या दिवशी तो ठरलेल्या उंचीवर गेला असेल, काटा खाली येताना त्याने पाहिलं असेल आणि मांडीवरच्या पाटीवर, हातमोज्यातल्या बोटांनी, जसा दिसला तसा लिहिला असेल. त्याला ठाऊक नव्हतं पुढे काय येणार आहे. उत्तरापासून मागे येण्याची सोय त्याला नव्हती. आणि मी, उबदार ग्रंथालयात बसून, त्याच्या हातचा आकडा खोडरबराने पुसला होता.

मंगळवारी होल्टबाईंच्या खोलीत ऊन आलं होतं. त्यांनी माझी रेघ खिडकीकडे धरली.

“सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “फारच नितळ. संग्रहालयाला आज दुपारी पाठवता येईल.”

सगळं झालं होतं. आता मला फक्त थँक यू म्हणायचं होतं. खुर्चीच्या हाताला मी घट्ट धरलं होतं, एवढं आठवतं. इंग्रजी वाक्य मी बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं आणि तरी ते तुटकच बाहेर आलं.

“मॅम, यातला एक बिंदू त्यांचा नाही. माझा आहे.”

त्यांनी कागद खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. गुरुवार, खोडरबर, तक्त्यातला बदललेला आकडा, टीप, दोन गिअर. लंबकाचंही सांगितलं, ते का सांगितलं कुणास ठाऊक. शेवटी त्यांचा एकच प्रश्न आला.

“तुम्हाला तो बिंदू चुकीचा का वाटला?”

“तो एकटाच वेगळा होता म्हणून.”

त्या उठून खिडकीशी गेल्या. बाहेरच्या झाडावर एकही पान नव्हतं. त्या वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा कठोर होता, आणि मी परतीच्या तिकिटाचा विचार करायला लागलो होतो.

“आकडा बदलणं ही लहान गोष्ट नाही. कुणी दुसऱ्याने मला हे दाखवलं असतं, तर आज आपण इथे बोलत बसलो नसतो. हे कळतंय तुम्हाला?”

“हो.”

“संग्रहालयाला मी कळवते, वसंतापर्यंत थांबा म्हणून. तुम्ही तिन्ही अहवाल पुन्हा पहिल्यापासून घ्या. तीन रेघा वेगळ्या काढा. एकत्र करायच्या नाहीत. प्रत्येकीखाली लिहा, विमान कसं होतं, हवा कशी होती, झडपा उघड्या की बंद, गिअर कुठे टाकला. आणि टिपा सगळ्या. सगळ्या म्हणजे सगळ्या.” त्यांनी माझ्या सत्राचा कागद ओढला. “श्रेणी मी आज देऊ शकत नाही. इथे मी ‘अपूर्ण’ लिहिते. जानेवारीत जो परत यायला हवा असतो, त्यालाच मी हे देते.”

आजही अहवाल वाचताना मी आधी खालची बारीक टीप वाचतो. एखादा आकडा रांग सोडून बसलेला दिसला की थांबतो. बरोबरची मंडळी म्हणतात, “यार, तो आउटलायर आहे, काढून टाक.” मी फोन उचलतो आणि चाचणी घेणाऱ्याला विचारतो, त्या वेळी काय चाललं होतं? कधी तो म्हणतो, काही नाही, सेन्सर सैल होता. कधी थोडं थांबून म्हणतो, हां, एक झालं होतं खरं. त्या थांबण्यात मला फार बरं वाटतं. तिन्ही रेघा वसंतात पुऱ्या झाल्या. टिपांच्या एकेका शब्दावरून काका आणि मी तीन शनिवार भांडलो, ते भांडणही त्यांच्यात आहे, आणि काकांचं नाव भाषांतरकार म्हणून खाली छापलेलं आहे. त्याच्या वीस प्रती काकांनी स्वतः काढून मंडळात वाटल्या.

पण ते नंतरचं. त्या डिसेंबरात माझ्या हातात तो एकच शब्द होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या निकालावर गुण नव्हते. रविवारी सकाळी गावी फोन लावला. तिकडे संध्याकाळ. वडील शेजारच्या दुकानात फोनवर यायचे, मागे कुणीतरी टीव्ही लावलेला असायचा. निकालाचं विचारणार हे ठाऊकच होतं, म्हणून मीच आधी सांगून टाकलं. रीडिंग बदललं होतं, ते कबूल केलं, बाईंनी अपूर्ण असा शेरा दिला. सगळं त्यांना कळलं असेल असं नाही.

“अपूर्ण म्हंजे नापास तं नाई ना?”

“नाही, बाबा.”

“अन् त्या बाईनं बोलावलं पुन्हा?”

“जानेवारीत.”

“मंग पुरं कर ना,” ते म्हणाले, आणि विचारलं, तिकडे थंडी फार आहे का.